अपघातांचा डेटा, 'आर' आणि उणे दोन अपघात

पुण्यातल्या पाच वर्षांच्या अपघातांची एक्सेल शीट 'आर' या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन साधं लिनिअर रिग्रेशन (सरळ रेषेने अंदाज बांधणारं मॉडेल) चालवलं, तर काही रस्त्यांचा अंदाज उणे दोन अपघात येतो, असं तुम्ही लिहिलंय. मॉडेलचं सांगतोच, पण आधी शीट. निम्मा घोळ तिथेच असतो.

एक ओळ म्हणजे एक अपघात की एक जखमी? एका रिक्षातले चौघं जखमी झाले की बऱ्याच शीटमध्ये चार ओळी पडतात. नुसत्या एफआयआर नंबरवरून डुप्लिकेट काढलेत तर उलटी चूक होईल, कारण तो नंबर प्रत्येक पोलीस ठाण्याचा वेगळा आणि दर जानेवारीत पुन्हा 1 पासून. ठाणं, वर्ष आणि नंबर जोडून प्रत्येक अपघाताची स्वतंत्र ओळख (की) बनवा. कलमावरून प्राणांतिक अपघात वेगळे काढत असाल, तर 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांत जुन्या भारतीय दंड संहितेचं 304-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) शोधू नका. तिथे भारतीय न्याय संहितेचं 106(1) लागतं. नाहीतर त्या जुलैपासून पुण्यात रस्त्यावर कोणी दगावलंच नाही, असा आलेख निघेल.

रात्री 12 ला अपघातांचा डोंगर दिसला तर बहुतेक वेळ माहीत नसताना 00:00 टाकलेलं असतं. अक्षांश 18.5 च्या आणि रेखांश 73.8 च्या आसपास हवेत. अदलाबदल झाली की स्वारगेट नॉर्वेच्या वर समुद्रात जातं! मीटरमध्ये अंतरं मोजायला ईपीएसजी 32643 या नकाशा-प्रणालीत रूपांतर करा.

आता मॉडेल. अपघात मोजून येतात, शून्याखाली जात नाहीत, म्हणून पॉइसन, म्हणजे मोजून येणाऱ्या आकड्यांसाठीचं मॉडेल. पण पॉइसन व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सरासरीइतकाच धरतं, आणि अपघातांत तो सहसा बराच जास्त असतो. मॉडेलच्या पिअरसन काय-स्क्वेअरला (अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचं माप) डिग्रीज ऑफ फ्रीडमने (ओळींची संख्या वजा मॉडेलने काढलेल्या आकड्यांची संख्या) भागा. उत्तर 1 च्या बरंच वर आलं तर 'आर'च्या 'मास' पॅकेजमधलं निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल घ्या, ते हा जादा व्हेरियन्स सामावून घेतं. पॉइसनवरच थांबलात तर स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) खोटे लहान येतात आणि प्रत्येक व्हेरिएबलला 'परिणाम खरा आहे' सांगणारे तारे लागतात. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या लांबीचा लॉग ऑफसेट म्हणून द्या, म्हणजे अपघात लांबीच्या प्रमाणात धरले जातील. रहदारीचा लॉग मात्र साधा व्हेरिएबल ठेवा. वाहनं दुप्पट झाली की अपघात दुप्पट होतातच असं नाही.

ब्लॅक स्पॉटसाठी (वारंवार अपघात होणारी जागा) केंद्राचा निकष साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा असलेले 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. यादीला ठीक, पण नुसत्या आकड्यांवर क्रम लावलात तर योगायोगाने वाईट गेलेली वर्षंही वर येतात. पुढच्या तीन वर्षांत आकडा आपोआप उतरतो आणि श्रेय रंबलरला (वेग कमी करायला लावलेल्या उंच पट्ट्यांना) मिळतं. यावर एम्पिरिकल बेज वापरा, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांची वजन देऊन सरासरी. मॉडेलचा अंदाज 3, प्रत्यक्षात 9 अपघात, थीटा (निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल देतं तो विखुरलेपणाचा आकडा) 2 असेल तर अंदाजाचं वजन 2/(2+3), म्हणजे 0.4. सुधारित आकडा 0.4×3 + 0.6×9 = 6.6. क्रम याच्यावर लावा. अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा एकाच कालावधीचे असू द्या, इथे हमखास चुकतं.

आणि नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल हा महामार्गावरचा उताराचा पट्टा डोळे झाकून 500-500 मीटरने कापू नका. उतार सुरू होतो तिथे तुकडा तोडा आणि दोन्ही दिशा वेगळ्या धरा. बोगद्याकडून उतरणारे अवजड ट्रक आणि समोरून चढणारे ट्रक एकाच ओळीत घातलेत, तर उताराचा कोइफिशंट (उताराचा अपघातांवरचा परिणाम दाखवणारा आकडा) शून्याकडे सरकेल.