वाचकांचे प्रश्न : छावणी एक, मते दोन

प्रश्न : आमच्या मुलुंडच्या सोसायटीतील दोघे वयोवृद्ध सिंधी शेजारी फाळणीनंतर लहानपणीच उल्हासनगरच्या छावणीत आले. एक कट्टर उजवे, दुसरे जन्मभर डावे. हाल सारखेच सोसूनही असे का व्हावे?

उत्तर : निर्वासित कोरी पाटी घेऊन येत नाहीत. लालकृष्ण अडवाणी आणि अभिनेते ए. के. हंगल हे दोघेही कराचीतून आले. परंतु अडवाणी १९४२ पासून संघाचे स्वयंसेवक होते, तर हंगल कम्युनिस्ट म्हणून तेथे तुरुंगवास भोगून १९४९ साली मुंबईत आले व ‘इप्टा’ या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेत रमले. विस्थापनाने त्यांची मते घडवली नाहीत, असलेली पक्की केली, असे मला वाटते.

तुमचे शेजारी मात्र लहान होते, म्हणजे त्यांच्यापर्यंत सिंध पोहोचला तो घरातल्या बोलण्यातून. लष्करी बराकीत गोणपाटाच्या पडद्याआड राहताना एका घरी दंगलीची आठवण निघत असेल, तर दुसऱ्या घरी सरकारी कचेरीतल्या खेपांची. आणि सरकारविषयीचा राग काही कमी नव्हता. सिंधमधील शिकारपूरला जन्मलेल्या वकील राम जेठमलानी यांनी तर निर्वासितांना जाचक ठरणाऱ्या मुंबई सरकारच्या कायद्याला न्यायालयातच आव्हान दिले होते. जमीनदाराच्या आणि कारकुनाच्या मुलाला तीच बराक सारखी दिसली असेल, असे नाही.

तेव्हा शेजाऱ्यांना पक्षाविषयी विचारू नका. त्यांचे वडील सिंधमध्ये काय करत होते, ते आधी विचारा.