डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट घरी बदलावा की कोल्हापुरात मेकॅनिककडून?

तुमची गाडी 2014 ची डस्टर डिझेल, सेकंडहँड घेतलेली, मीटर 90 हजारांच्या पुढे. गॅरेजवाला बेल्ट बदला म्हणतोय आणि तुम्ही व्हिडिओ बघून घरीच करायच्या विचारात आहात. माझं मत आधीच सांगतो: या इंजिनावर पहिला हात मारू नका. पण किल्ली देऊन निघूनही जाऊ नका.

मी उद्यमनगरात सिलिंडर हेडची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व असलेल्या वरच्या भागाची, कामं करतो. व्हॉल्व सीट कापणं, गाइड बदलणं, हेड फेस करणं. त्यामुळे बेल्ट तुटलेली गाडी मला क्वचितच दिसते, तिचं हेड तेवढं दिसतं. पोत्यात गुंडाळून रिक्षातनं येतं. व्हॉल्व काढून फिरवून बघितला की दांडी डोलते, म्हणजे वाकलेली. कधी गाइडही फुटलेलं असतं. मेकॅनिकला विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर, "मालक म्हणाले होते पुढच्या सर्व्हिसिंगला बघू."

असं का होतं ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. क्रँक म्हणजे पिस्टन वरखाली करणारा खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा वरचा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि हा हिशोब सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व मिनिटात 1000 वेळा उघडतो. डिझेलमध्ये पिस्टन पूर्ण वर आला की वर जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. बेल्ट तुटला की कॅम आहे तिथे थांबतो, पिस्टन मात्र गाडीच्या वेगाने येतच राहतो, आणि उघडा राहिलेला व्हॉल्व त्याच्या डोक्यावर आपटतो. ब्रेक दाबेपर्यंत काम झालेलं असतं.

तुमच्या डस्टरमधलं 1461 सीसीचं इंजिन टेरानो, सनी डिझेल, लॉजी, व्हेरिटो या गाड्यांतही आहे. त्यामुळे सामान मिळत नाही ही सबब ऐकून घेऊ नका. (स्विफ्ट डिझेलवाले मित्र "आमची तर कधी बदलायला लागली नाही" म्हणतील. त्यांच्या 1.3 इंजिनात चेन आहे, तो सल्ला तुमच्या कामाचा नाही.)

आता घरी का नको. या इंजिनाची उजवीकडची माउंटिंग काढल्याशिवाय बेल्ट निघत नाही, म्हणजे इंजिन खालून आधार देऊन धरावं लागतं. पुलीच्या बाजूला जागा इतकी कमी की पान्हा फिरवायला बोटं सोलून निघतात. पण खरी अडचण टायमिंग धरून ठेवण्याची. कॅमच्या पुलीतून हेडमध्ये जाणारी एक पिन लागते आणि क्रँक अडवायला ब्लॉकमध्ये आट्यांवर बसणारी दुसरी. या दोन पिना नसतील तर काम सुरूच करू नये. जुन्या 800 सीसीच्या ऑल्टोवर हात बसवायचा असेल तर जरूर बसवा. तिथे बेल्ट लहान, जागा मोकळी आणि खुणा डोळ्यांना दिसतात. डस्टर शिकायची गाडी नव्हे.

मेकॅनिककडे जाल तेव्हा पहिला प्रश्न पिनांचा विचारा. "आम्ही व्हाइटनरने खुणा करतो, कायम तसंच करतो," असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. व्हाइटनरची खूण आधीची स्थिती जशीच्या तशी उतरवते. आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल तर तोही उतरतो. शिवाय बेल्ट काढताना कॅम स्प्रिंगच्या दाबाने किंचित सरकला की खूण आहे पण अर्थ नाही अशी गत होते. आणि पिना असल्या तरी क्रँकचा मधला बोल्ट सोडवताना त्या पिनेचा आधार घेऊ देऊ नका, ती वाकते. त्यासाठी फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक, अडवायचं.

सामान एकदमच घ्या: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप. या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. पंप नंतर गळला तर सगळं परत उघडायचं आणि मजुरी पुन्हा द्यायची. बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्टही त्याच दिवशी बदला. तो फाटून त्याचे धागे क्रँक पुलीमागून आत ओढले जातात आणि चांगला टायमिंग बेल्ट घसरवतात, हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. क्रँक पुलीचा बोल्ट नवीन टाका आणि तो टॉर्क रेंचनेच (मोजून आवळायच्या पान्ह्याने) आवळला जातोय ना ते बघा. क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर तेही आत्ताच बदला, तेलात भिजलेला नवा बेल्टही टिकत नाही. पार्ट नंबर चेसिस नंबरवरून ताडून घ्या आणि डबे तुमच्यासमोर फोडायला लावा.

बेल्ट बसल्यावर लगेच सेल्फ मारू देऊ नका. पिना काढून क्रँक पान्ह्याने, चालते त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचा, मग पिना पुन्हा सहज बसतात का आणि टेन्शनरचा काटा खुणेवर आहे का ते बघायचं. कुठे अडलं तर जोर न लावता परत उघडायचं. पाच-दहा मिनिटांचा हा भाग चुकवू नका. बाकी वेळ चहा प्यायला गेलात तरी चालेल, या वेळेला तिथे उभे राहा.

"बेल्ट काढून बघितला, चांगला दिसतोय" याला फार किंमत देऊ नका. आतले काचेच्या धाग्यांचे दोर थकलेले वरून दिसत नाहीत. मॅन्युअलमधला किलोमीटर आणि वर्षं, जे आधी येईल ते धरा. आपल्याकडे त्यात थोडं कमीच धरावं असं माझं मत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभं राहतो, तेव्हा बेल्ट फिरत असतो आणि मीटर फिरत नाही.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून आणखी एक. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, दुधाळी भागात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, सांगलीकडेही तेच. तुमची तशी असेल तर कव्हरच्या आत सुकलेला गाळ सापडेल आणि टेन्शनरचं बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरेल. मग किलोमीटर बघायचेच नाहीत.

आधीच्या मालकाकडे बेल्टचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजा. तोवर गावातल्या गावात हळू चालवा. गगनबावड्याकडून कोकणात उतरायचा बेत असेल तर नवा बेल्ट बसवल्यावर जा, घाटात बंद पडलेली गाडी ओढून आणायचा खर्च त्यात आणखी वाढवू नका.