गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांची जागा

प्रश्न : घरी दोन आसनी विमान बांधतो आहे. नाकाखाली एक चाक, मागे दोन मुख्य चाकं. गुरुत्वमध्य पुढे-मागे कुठे येतो ते वजन करून काढलं. उंचीचा अंदाज धरून चालेल का?

उत्तर : नाही. विमान शेपटीवर बसेल की वळताना कलंडेल, हे उंचीवरच ठरतं आणि ती मोजणं अवघड नाही. आसनांवर वाळूच्या पिशव्या बांधून गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेवर (म्हणजे चालेल इतका मागे) आणा. इंधन हिंदकळू नये म्हणून टाक्या काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकाम्या ठेवा. पायांना स्प्रिंग असेल तर लाकडी ठोकळ्याने ती जाम करा. आधी विमान समतल ठेवून तिन्ही चाकांखालचं वजन घ्या, मग नाक उचलून पुन्हा घ्या.

समजा एकूण वजन ५०० किलो, नाकचाक ते मुख्य चाकं १.५ मीटर, नाकचाकावर ६७ किलो. म्हणजे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या २० सेंमी पुढे. नाकचाक २६ सेंमी उचललं की १०° कोन होतो. आता काटा ३२ दाखवतो. घटलेले ३५ किलो गुणिले १.५, भागिले ५०० गुणिले ०.१७६ (१०° चा टॅन) : सुमारे ६० सेंमी. ही उंची आसापासूनची. चाकाची त्रिज्या १८ सेंमी मिळवली की जमिनीपासून ७८. ही त्रिज्या मिळवायचीच राहून जाते!

ब्रेक मोकळे हवेत आणि उटी (चाक घरंगळू नये म्हणून ठेवायचा अडसर) चाकापासून बोटभर लांब; चाक अडलं की काटा खोटं बोलतो. शेपटीखाली घोडा (उभा आधार) ठेवा, पण टेकवू नका. फक्त ३° उचललंत तर काट्यातली एका किलोची चूक उंचीत जवळजवळ ६ सेंमी होते; १०° ला पावणेदोनच.

आता मुख्य चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्याकडे जाणारी रेषा उभ्या रेषेशी किती कोन करते ते पाहा. त्याचा टॅन २० भागिले ७८, म्हणजे साधारण १४.४°. हा कोन १५° च्या आसपास हवा आणि शेपूट जमिनीला टेकते त्या कोनाहून मोठा. तो लहान असेल तर मागे माणूस चढताच नाक वर जातं. फार मोठा असेल तर उड्डाणावेळी एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पंखाला) नाक उचलवत नाही. मोठे टायर घालून त्रिज्या ६ सेंमी वाढवलीत तर तोच कोन १३.४° वर येतो. हौसेने टायर बदलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

वळताना कलंडेल का ते तपासायला नाकचाक आणि एक मुख्य चाक जोडणारी दोरी जमिनीवर ताणा. गुरुत्वमध्याच्या ओळंब्यापासून तिचं लंबांतर मोजा आणि उंचीला त्याने भागा; हा कलंडण्याच्या कोनाचा टॅन. मुख्य चाकांमध्ये १.६ मीटर असतील तर कोन ५२° येतो, १.२ असतील तर ५८°. ६३° ही कमाल धरतात. मी ५८ वरही समाधानी नसेन.

प्रश्न : शेपटीला चाक असेल तर?

उत्तर : मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे आणि चाकापासून गुरुत्वमध्याकडच्या रेषेचा उभ्या रेषेशी कोन, शेपूट उचललेल्या स्थितीत, १६° ते २५°. १६° ला ब्रेकचा जोर वजनाच्या २९ टक्क्यांवर गेला की, एलिव्हेटरने सावरलं नाही तर, विमान नाकावर येतं. २५° च्या पुढे गेलात तर शेपूट जड होते आणि धावताना विमान गर्रकन फिरायला बघतं. इथे गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेवर ठेवून १६° तपासा आणि मागच्या मर्यादेवर ठेवून २५°.