शेंगदाण्याची ॲलर्जी रोज चिमूटभर कूट देऊन जाते का?

तुम्ही खानापूरहून विचारलंय की सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याने गांधी उठतात, एकदा धापही लागली. रोज चिमूटभर कूट देत गेलं की अंगाला सवय होते म्हणतात, तर घरी सुरू करावं का?

घरी नको. कल्पना मात्र खुळी नाही. १९०८ साली स्कोफिल्ड या इंग्रज डॉक्टरांनी अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला किंचित किंचित अंडं देत ते पचायला लावलं होतं. घोडं अडतं ते मापावर. दवाखान्यातला असा उपचार ०.५ मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिनापासून सुरू होतो. शेंगदाण्यात प्रथिन साधारण पाव हिस्सा, म्हणजे कूट हवा २ मिलिग्रॅम; सोनाराच्या काट्यावरही तो धड तोलता येत नाही. तुमची चिमूट पाव ग्रॅमची धरली तरी ती या मात्रेच्या सव्वाशेपट होते.

अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळालेलं पाल्फोर्झिया म्हणजे तरी काय, तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठच. औषध बनवणाऱ्यांची खरी मेहनत आहे ती दर खेपेच्या पिठात आरा एच १, २ आणि ६ ही त्रासदायक प्रथिनं ठरल्या प्रमाणातच ठेवण्याची. पहिल्या दिवशी दवाखान्यात ०.५, १, १.५, ३ आणि ६ मिलिग्रॅम अशा मात्रा थांबून थांबून देतात. मग रोज ३ मिलिग्रॅम, आणि दर दोन आठवड्यांनी एकेक पायरी चढत ३०० पर्यंत. पायरी बदलायची ती डॉक्टरांसमोरच. किमान पाच महिने जातात, आणि पुढे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एखाददुसरा दाणा, रोज चालूच ठेवायचा. बंद केलं की मिळालेली सहनशक्ती ओसरू शकते. २०१८ च्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्या ६७ टक्के मुलांना शेवटी एका वेळी ६०० मिलिग्रॅम सोसलं, खोट्या औषधावर फक्त ४ टक्क्यांना. पण त्याच औषधाच्या गटातल्या १४ टक्के मुलांना उपचारादरम्यान ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन, टोचावं लागलं. म्हणजे लग्नात चुकून शेंगाचटणी ताटात आली तर जीव वाचावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. शेंगापोळी मनसोक्त खाण्यासाठी नव्हे.

बिघडतं कुठे? परवापर्यंत सोसलेली मात्रा तापात, रिकाम्या पोटी, मात्रेनंतर लगेच पळापळ केली किंवा गरम पाण्याने आंघोळ केली तर अचानक बाधते. म्हणून जेवणासोबत द्यायची आणि पुढचे दोन-तीन तास खेळ बंद. सलग तीन दिवस चुकलं तर आधीची मात्रा स्वतःहून पुन्हा सुरू करायची नाही. गिळताना घास अडकणं, सतत पोटदुखी किंवा उलट्या दिसल्या तर अन्ननलिकेला सूज असू शकते. डॉक्टरांना विचारून थांबवा. दमा आटोक्यात नसेल तर सुरुवातच नको.

"उकडलेल्या शेंगा सोसतात, मग ॲलर्जी कसली?" हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. उकडताना काही प्रथिन पाण्यात उतरतं, म्हणून बाधा कमी होते. त्यावरून भाजलेला दाणा चालेल असं धरू नका.

२०२४ मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅब या औषधालाही अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. वजन आणि रक्तातलं आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) पाहून दर दोन किंवा चार आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन, महागडं आहे.

आधी निदान पक्कं करा. चाळीस पदार्थांच्या रक्ततपासणीचा कागद म्हणजे निदान नव्हे. त्वचेची चाचणी, आरा एच २ या प्रथिनासाठीची रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दवाखान्यात खाऊ घालून पाहणं, यांवर ते ठरतं. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात बालरोग विभागात विचारा, नाहीतर पुणे किंवा बंगळूर. पावसाळ्यात गाव तुटत असेल तर हा उपचार मी तरी सुचवणार नाही.

ॲड्रेनलिन मात्र आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोर शिका. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज नको, सुई आखूड असते आणि खुणा युनिटच्या. ॲम्प्यूल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. टोचल्यावर मुलाला चालवत नेऊ नका. आडवं ठेवा, धाप असेल तर बसवा, आणि १०८ ला फोन करा. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर तीच मात्रा पुन्हा.