तुमचे प्रश्न : सीएनसी शिकायचंय, पण कुठं?

प्रश्न : मुलाला दहावीला ७१ टक्के पडलेत. अकरावीला जायचं नाही म्हणतो, मशीनवरच काम करायचंय. शेजारचे सांगतात तीन महिन्यांचा सीएनसीचा कोर्स करून टाका, वाळूजला लगेच लागेल. आम्हाला यातलं काही कळत नाही, काय करावं? — एक आई, वैजापूर

ताई, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन. वाळूजच्या कंपन्यांत लागेल हो, शेजारी खोटं बोलत नाहीयेत. पण लागेल तो ऑपरेटर म्हणून, म्हणजे जॉब (कापायचा धातूचा तुकडा) चकमध्ये (तो पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, आणि हेच पूर्ण शिफ्टभर. साइज सरकली की सेटरला हाक मारायची. हा सेटर जो असतो ना, ड्रॉइंग वाचणारा, टूल लावणारा, ऑफसेट देणारा (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती भरणारा), पहिला पीस पास करून देणारा, तो तीन महिन्यांत तयार होत नाही आणि पगारातला खरा फरक तिथंच पडतो.

तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. पहिला आयटीआय, मशिनिस्ट नाहीतर टर्नर (लेथ मशीनवर जॉब फिरवून कापणारा) ट्रेड, दोन वर्षं. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन, सरकारी आयटीआयची फी कमी असते आणि पास झाल्यावर अप्रेंटिसशिपमध्ये कंपनीत स्टायपेंड घेत शिकता येतं, शिवाय पुढे वाटलं तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे दार बंद होत नाही. दुसरा तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा. त्यात थिअरी जास्त, मशीनवर हात कमी, तुमच्या मुलाचं वेड बघता मला तो पहिला पर्याय वाटत नाही. तिसरा तुमच्या जवळच आहे, छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा, चार वर्षांचा डिप्लोमा आहे, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त. पण तिथं कंपन्यांची खरी टूलिंगची कामं चालतात आणि पोरं त्याच वातावरणात शिकतात. परवडत असेल तर परीक्षेला बसवाच, नंबर नाही लागला तर आयटीआय आहेच.

आणि कुठंही प्रवेश घ्यायच्या आधी एक चक्कर मारा, तीही प्रॅक्टिकलच्या वेळेत. ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन येऊ नका, वर्कशॉपमध्ये जा. नवीकोरी व्हीएमसी (उभ्या टूलचं सीएनसी मशीन) काचेमागे चकाचक उभी असेल आणि खाली ट्रेमध्ये बर (कापलेल्या धातूचा कीस) दिसत नसेल, तर समजा ती पाहुण्यांना दाखवायला आहे. एका लेथवर किती पोरं उभी आहेत ते मोजा. एक फिरवतोय आणि आठ बघतायत असं असेल तर ते बघायचं शिक्षण झालं.

मुलाला अजून एक सांगून ठेवा, सुरुवातीचे काही आठवडे कानसच घासायला लावतील. मीही घासली. लोखंडाचा एक ठोकळा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की सर काही न बोलता ठोकळा परत हातात द्यायचे. पंधरा दिवस मी घरी येऊन शिव्या दिल्यात. पण धातू टूलखाली कसा कापला जातो, कधी रेटायचं आणि कधी हात सोडायचा हे त्या ठोकळ्यानंच शिकवलं, नंतर सीएनसीवर कापण्याचा आवाज बदलला की इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) गेला हे कळायला लागलं ते त्यामुळंच.

प्रश्न : मी मशिनिस्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ५० एमएम जाडीचा शाफ्ट (गोल दांडा) लेथवर मारला, मायक्रोमीटरनं चेक केला, अगदी मधोमध साइज होती. जेवून आल्यावर परत बघितला तर बारीक निघाला, रिजेक्ट. माझा हात खराब आहे का? — कोल्हापूर

हात ठीक आहे रे, तू गरम जॉब मोजलास.

हिशोब बघ. पोलाद एका अंशाला, एका मीटर लांबीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). तुझा शाफ्ट कापून निघाला तेव्हा मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर ५० एमएमला साधारण साडेअकरा मायक्रॉन जास्त दाखवणार. आता ड्रॉइंगवर ५० जी६ (किती फरक चालेल ते सांगणारी खूण) असेल तर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, आहे उणे ९ ते उणे २५ मायक्रॉन, म्हणजे सगळी मिळून जागा १६ मायक्रॉन. त्यातले साडेअकरा नुसती उष्णताच खाऊन गेली. मधोमध वाटलेला शाफ्ट गार झाल्यावर खालच्या बाजूनं बाहेर पडणारच. आणि शाफ्ट बारीक झाला की भंगार, त्यावर परत लोखंड चढत नाही (बोअरचं, म्हणजे भोकाचं, उलटं, तो मोठा झाला की गेला).

म्हणून फिनिश कटच्या (शेवटच्या बारीक कापाच्या) आधी जॉब गार होऊ दे, कूलंट चालू ठेव, मायक्रोमीटर मुठीत घट्ट धरून फिरू नको, तोही तापतो. मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापं तपासायच्या, खोलीत एसी २० अंशांवर असतो तो साहेबांसाठी नसतो, जगभर मापाचं ठरलेलं तापमानच २० आहे. आणि घाईत व्हर्निअरवर विसंबू नको, त्याचा लीस्ट काउंट (त्यावर दिसणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ एमएम, म्हणजे २० मायक्रॉन, तुझी सगळी टॉलरन्स त्याच्या एका रेघेत मावते.

प्रश्न : मला टर्नरला जायचंय, घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही. तिथं मुली असतात का? — संगमनेर

असतात, कमी असतात पण असतात, आणि आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागाही आहेत. वजन उचलायचं म्हणत असतील तर जड जॉबला क्रेन असते, मुलगेही हातानं उचलत नाहीत. अ‍ॅडमिशन मिळाली की ओढणी आणि बांगड्या घरी, केस टोपीत. आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरता चक मोज्यासकट हात ओढून घेतो. चकची चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलंस तर मात्र मुलगा-मुलगी न बघता सर वर्कशॉपबाहेर काढतील.