चव गेली की वास गेला?

सर्दी जाऊन महिना झाला, मीठ-साखर कळते, पण कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी वाटतं. रुचिकलिका (जिभेवरचे चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके) मेल्या का, असं तुम्ही विचारलंय. रुचिकलिकांमधल्या पेशी तशाही सतत मरतात. त्यांचं आयुष्य सरासरी १० दिवसांचं, मग नव्या येतात. म्हणून तर पोळलेली जीभ आठवड्याभरात ताळ्यावर येते.

मला संशय आहे तो नाकाचा. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी, टोमॅटो-मशरूमची भरलेली चव; हे नाव १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी दिलं) एवढंच. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. करून बघा: नाक घट्ट दाबून दालचिनीची पूड घातलेली साखर तोंडात टाका. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. दालचिनी एकदम जाणवली पाहिजे. नाहीच जाणवली, तर जीभ शाबूत आहे, गेलाय तो वास.

साखर तुम्ही जिभेच्या टोकालाच लावून पाहिलीत, त्याची गरज नव्हती. गोड टोकाला, कडू मागे हा नकाशा चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे कळतात, काही रुचिकलिका तर टाळूच्या मऊ भागावरही असतात.

तिखटाचं मात्र सांभाळा. भाषेत आपण त्याला चव म्हणतो, पण मिरची चेतवते ते उष्णता आणि वेदना टिपणारे मज्जातंतू, म्हणून वास गेला तरी तिखट कळतं. माझा वास गेला होता तेव्हा जेवणात काहीतरी जाणवावं म्हणून मी तिखट वाढवत गेलो आणि पोट बिघडवून घेतलं.

मला आधार वाटला तो वासाच्या सरावाचा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी: सकाळ-संध्याकाळ एकेक वास काही सेकंद, तो आठवायचा प्रयत्न करत, शांतपणे घ्यायचा. निदान १२ आठवडे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण मधेच सोडू नका. महिना उलटलाय, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा. मीठ-साखरही कळेनाशी झाली, किंवा हे नवं औषध सुरू केल्यावर झालं असेल, तर लगेचच.

आणि तोवर गॅसची गळती, जळकं, नासलेलं दूध यातलं काही तुम्हाला कळणार नाही. घरातल्यांना हे आजच सांगून ठेवा.