अवग्रहाचा इंग्रज भाऊबंद

विचारणा अशी: “आभार मानले की समोरून उत्तर येते ‘युअर वेलकम’, आणि त्यातला ‘युअर’ वाय-ओ-यू-आर असा लिहिलेला. हे चूक ना? ‘इट्स’चाही असाच गोंधळ सगळीकडे दिसतो. नियम एकदा नीट सांगाल का? आणि अक्षरांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या त्या स्वल्पविरामाला, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफीला, मराठीत काय म्हणायचे?”

चूक. “यू आर”चा संक्षेप हवा, म्हणून “यू’र”. “इट इज” किंवा “इट हॅज” म्हणायचे असेल तर “इट’स”, चिन्हासकट. “त्याचे, तिचे” म्हणायचे असेल तर “इट्स”, चिन्हाविना. शंका आली तर संक्षेप फोडून वाचा. “द ट्री लॉस्ट इट इज लीव्ह्ज” हे वाचून हसू आले, तर चिन्ह काढून टाका. नियम एवढाच. अर्ध्या मिनिटात कळणारी गोष्ट आहे, आणि तरी मोठमोठ्या पदव्या लावणारी माणसे आपल्या लेखाच्या पहिल्याच ओळीत ती चुकतात. मी हे रोज वाचतो आणि रोज चिडतो.

पण माझा खरा राग चुकणाऱ्यांवर नाही. “कुड हॅव्ह”चे “कुड ऑफ” करणाऱ्याला मी एक वेळ माफ करीन. “कुड’व्ह” भरभर बोलला की शेवटी “अव्ह” ऐकू येते, आणि इंग्रजांच्या तोंडी “ऑफ”चा उच्चारही “अव्ह”च असतो. कानाने ऐकले ते हाताने लिहिले. त्याचे व्याकरण कच्चे असेल, कान पक्का आहे. “वाढदीवस” आणि “जन्मदीन” लिहिणाऱ्या आपल्यातल्या लोकांनी तरी त्याला हसू नये. “दीन” म्हणजे गरीब, एवढे आठवले तरी पुरे.

माझा राग आहे तो “ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे मालकी” असे शिकवणाऱ्यांवर. “किंग’स क्राउन” म्हणजे राजाचा मुकुट, मालकी दिसली की टांगा चिन्ह. हे पाठ झालेला हुशार मुलगा पुढे “इट्स”पाशी येतो. इथेही मालकीच आहे. तो इमानदारीने चिन्ह टांगतो आणि आपण त्याला अडाणी म्हणतो! अहो, त्याने तुमचाच नियम पाळला. नियमच खोटा आहे. त्या चिन्हाचा अर्थ मालकी असा कधीच नव्हता. त्याचा अर्थ एकच: इथे काहीतरी होते, ते गेले.

मराठी माणसाला हे शिकवायला इंग्रजी व्याकरणाचे पुस्तकही लागू नये. “सोऽहम्” आपण लिहितोच. “सः” आणि “अहम्” यांचा संधी होताना विसर्गाचा ओ झाला, आणि त्या ओने पुढचा “अ” गिळला. पाणिनीचे सूत्र आहे, “एङः पदान्तादति”: पदाच्या अंती ए किंवा ओ असेल आणि पुढे ऱ्हस्व अ आला, तर तो अ मागच्या स्वरात विरून जातो. गेलेल्या त्या “अ”ची खूण म्हणजे ऽ, आपला अवग्रह. “डू नॉट”चे “डोन्ट” होताना “नॉट”मधला ओ गेला आणि त्याच्या जागी चिन्ह आले. काम तेच, जागा तीच. एक रेघेखाली नांगी मुडपून बसतो, दुसरा अक्षरांच्या वर लोंबतो, इतकाच काय तो फरक.

नावांचीही गंमत बघा. ॲपॉस्ट्रॉफी हा शब्द ग्रीक, “आपोस्त्रोफोस”, म्हणजे तोंड फिरवलेला, दूर वळलेला. अवग्रह म्हणजे अव + ग्रह, वेगळे धरणे. वेदांच्या पदपाठात, म्हणजे मंत्रातले शब्द सुटे करून म्हणण्याच्या पद्धतीत, सामासिक शब्दाची फोड करताना मध्ये घ्यायच्या थांब्याला हे नाव होते, लोपाच्या खुणेला ते नंतर चिकटले. म्हणजे दोन्ही नावांत लोप नाही, दुरावा आहे. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: त्याला अवग्रहच म्हणा. काही जण “लोपचिन्ह” सुचवतात. दिसायला शब्द चोख आहे, पण वाक्य अर्धवट सोडताना द्यायच्या तीन टिंबांनाही लोपचिन्ह म्हटले जाते. एका खुर्चीवर दोघांना कशाला बसवायचे? शिवाय आपण अवग्रहाचे काय करून ठेवले आहे ते पाहा. “आईऽऽऽ” असे लिहून लोपाचे चिन्ह आरोळीला लावले. जे गेले ते दाखवणारी खूण आपल्याकडे लांबण लावायला वापरतात. इंग्रजीच्या चुका मोजणाऱ्यांनी हेही जरा मोजावे.

आता “किंग’स”कडे. तिथे काय गेले? एक ई गेला. जुन्या इंग्रजीत राजा म्हणजे “क्युनिंग” आणि राजाचा म्हणजे “क्युनिंगेस”. षष्ठीचा प्रत्यय “-एस”. पुढे उच्चारातून तो ई झिजला, आणि त्याच्या नावाने हे चिन्ह बसले. त्यालाही घाई झाली नाही. चिन्ह छपाईबरोबर सोळाव्या शतकात आले (फ्रेंच लोक श्रेय त्यांचा मुद्रक जोफ्रुआ तोरी आणि त्याच्या 1529 च्या ग्रंथाला देतात, पण व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात 1501 मध्ये छापलेल्या कवी पेत्रार्कच्या पुस्तकात ते आधीच आहे, तेव्हा फ्रेंचांनी जरा दमाने घ्यावे), आणि षष्ठीत ते नीट स्थिरावायला अठरावे शतक उजाडले.

इथे एक प्रसिद्ध घोळ झाला. बऱ्याच इंग्रजांना वाटत होते की “किंग’स” हा “किंग हिज”चा संक्षेप आहे, म्हणजे “राजा त्याचा मुकुट”. जोसेफ ॲडिसनसारखा नामांकित निबंधकार 1711 मध्ये हेच लिहून बसला, की हा एकटा एस आपल्या पूर्वजांच्या “हिज” आणि “हर”चे काम करतो. “हर”मधून एस कसा निघतो ते त्याचे त्याला ठाऊक. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या शब्दकोशात त्याला चोख उत्तर दिले: बाईच्या सौंदर्याला “वुमन’स ब्यूटी” म्हणता, तिथे “हिज” कुठून आणणार? नाटककार बेन जॉन्सनने तर त्याच्या कितीतरी आधी आपल्या व्याकरणात या “हिज”ला राक्षसी वाक्यरचना ठरवले होते. त्याच बेन जॉन्सनच्या नाटकाचे नाव “सिजेनस हिज फॉल”, हे मात्र मी आनंदाने नोंदवतो. भाषेचे पोलीस नेहमी स्वतःच्या दारात पाय घसरून पडतात.

म्हणजे “हिज” म्हणा की ई म्हणा, दोन्ही पक्षांच्या मते चिन्ह कशाच्या तरी लोपाचेच होते. भांडण फक्त काय गेले याचे. जर्मनांनी तर षष्ठीचा तो एस जपला आणि चिन्ह लावलेच नाही: “क्योनिग”चे “क्योनिग्स”, मध्ये काही नाही. तिकडे चिन्ह टांगणाऱ्याला हिणवायला “डेपनआपोस्ट्रोफ”, म्हणजे ठोंब्यांचा ॲपॉस्ट्रॉफी, असा खास शब्द आहे. आणि 2024 च्या अधिकृत नियमावलीने विशेषनामांपुरती, दुकानाच्या नावात वगैरे, त्या ठोंब्यांना मुभा देऊन टाकली.

आता माझ्या लाडक्या मुद्द्यावर येतो, ज्यासाठी खरे तर हे उत्तर लिहायला घेतले. “क्युनिंगेस”मधला “-एस” आणि संस्कृत “देवस्य”मधला “-स्य” हे एकाच घरातले. इंग्रजी संस्कृतातून निघाली असले काही मी म्हणत नाही, म्हणणाऱ्यांपासून चार हात लांबच असतो. दोघींची आजी एक, इतकेच. होमरच्या ग्रीकमध्ये हाच प्रत्यय “-ओइओ” होऊन बसला आहे, स तेवढा गळाला. आपल्याकडे “देवस्य”चे प्राकृतात “देवस्स” झाले. प्राकृतात चतुर्थी जवळजवळ संपली होती आणि तिचे काम षष्ठीने उचलले होते. देवाचे आणि देवाला, दोन्हींना “देवस्स”. मग मराठीत “देवास” म्हणतो, “रामास” म्हणतो, तो “स” कुठला? मी म्हणतो, तोच. “किंग’स”मधला एस आणि “रामास”मधला स एकमेकांना पाच हजार वर्षांनी भेटलेले चुलतभाऊ आहेत. एकाच्या मानेवर अवग्रह आहे, दुसरा मोकळा.

यावर आक्षेप येतो तो मला माहीत आहे. जुन्या मराठीत “देवासी”, “संतांसी” अशी रूपे ठायी ठायी आहेत. त्या “सी”मधली ई “स्स”मधून कशी निघेल? म्हणून “स”चा उगम दुसरीकडे शोधा, असे काही अभ्यासक बजावतात. शोधा की. पण मग “सी”चा उगम पटेल असा सांगा, आणि षष्ठीने चतुर्थीचे काम केल्याचा प्राकृतातला ढळढळीत पुरावा बाजूला का सारायचा तेही सांगा. ईकार मागून जोडलेला असू शकतो, प्रत्ययांना शेपूट फुटण्याची आपल्या भाषेला सवयच आहे. मला अजून कोणी हरवलेले नाही. हरवले तर इथेच कबूल करीन.

विषय “इट्स”चा होता. त्यात काय लोपले? काहीच नाही! “इट्स”ला जुन्या इंग्रजीत पूर्वजच नाही. नपुंसकलिंगाचेही “त्याचे” तेव्हा “हिज”च होते. 1611 च्या बायबलात मिठाने चव गमावली तर ती “हिज” चव. त्याच बायबलात लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात “आपोआप उगवलेले” म्हणताना “इट ओन अकॉर्ड” असे नुसते “इट” आहे, पुढच्या आवृत्त्यांनी तिथे “इट्स” घुसवले. “इट”ला एस जोडून हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस घडवला गेला. ज्याच्या पोटात ई नव्हताच, त्याच्या डोक्यावर ई गेल्याची खूण कशाला?

तरीही लोकांनी ती दिली, आणि चांगली दोनशे वर्षे दिली. शेक्सपियरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहात, म्हणजे फोलिओत, मालकीचा “इट’स” चिन्हासकट छापला आहे. “इट इज”चा संक्षेप त्या काळी बहुधा “’टिस” असा होई, त्यामुळे दोघांची टक्करही नव्हती. “’टिस” मागे पडला, “इट’स” त्याच्या जागी आला, आणि मग मालकीवाल्याला चिन्ह खाली ठेवावे लागले. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात, पहिल्या कलमाच्या दहाव्या परिच्छेदात, राज्याच्या तपासणी कायद्यांचा उल्लेख आहे. तिथे स्वच्छ अक्षरात “इट’स इन्स्पेक्शन लॉज”. उद्या कोणी तुम्हाला या चुकीवरून अडाणी म्हणाले तर हे ऐकवा. चूक मात्र सुधारा, कारण आपण 1787 मध्ये लिहीत नाही.

चिन्हच नको म्हणणारेही झाले. बर्नार्ड शॉ “डोन्ट”, “वोन्ट” चिन्हाशिवाय लिहायचा आणि या चिन्हांना जंतू म्हणायचा. उलट इंग्लंडात जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये ॲपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि 2019 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असे म्हणत ती बंद केली. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांनी केलेले निदान पटत नाही. आळशी माणूस जास्तीचे चिन्ह कशाला टाईप करील? ते टाकायला कष्ट पडतात. ते कष्ट त्याला मालकीच्या त्या खोट्या नियमाने शिकवले.

अरे हो, तुम्ही “वेलकम”चे विचारले होते.

“युअर वेलकम” मराठी मनाला खटकत नाही याचे कारण साधे आहे. “तुमचे स्वागत आहे” हे आपले वाक्य. स्वागत हे नाम, म्हणून “तुमचे”. इंग्रजी वाक्यातला “वेलकम” मात्र विशेषण आहे, “तुम्ही स्वागतार्ह आहात” अशा घाटाचे, म्हणून “यू’र”. पण हा शब्द मुळात विशेषण नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो “विलकुमा”, म्हणजे इच्छेतला पाहुणा, यावा असे वाटणारा माणूस. “विल” म्हणजे इच्छा, आपल्या “वृ” धातूचा, म्हणजे “वर” मागण्यातल्या “वर”चा नातलग. “कुमा” म्हणजे येणारा, आणि इंग्रजीचा “कम” व आपला “गम्” एकाच मुळाचे. पुढे लोकांच्या कानाला “विल”चे “वेल” ऐकू येऊ लागले, वेल म्हणजे छान. फ्रेंचांचा “ब्यांव्हन्यू”, म्हणजे “छान आलेला”, शेजारी होताच, त्याने भर घातली. आणि इच्छेच्या पाहुण्याचा “छान आलेला” झाला, सु + आगत, अक्षरशः आपले स्वागत.

म्हणजे तुम्ही ज्या वाक्यातल्या “युअर”वर चिडला आहात, त्यातला दुसरा शब्दही कुणीतरी हजारेक वर्षांपूर्वी कानाने ऐकून चुकीचाच लिहिलेला आहे.